कोंडीचा अंगठा

जव्हारला पावसाळ्याचे चार महिने काहीच वाळत नाही. दांडीवरचं लुगडं आठ दिवसांनी काढलं तरी कुबट वास मारतं, डब्यातल्या नागलीच्या पापडांना बुरशी धरते. म्हणून मी ठरवलं, घराच्या बाजूला काचेची पडवी काढायची. वर काच, तिन्ही अंगांनी काच. हसायचं त्याने हसावं. घर माझ्या नावावर आहे.

"आई, परवानगी लागते," सून म्हणाली. प्रगती शाळेत शिकवते, तिला घरातही हजेरी घ्यायची सवय. "नकाशा लागतो. हद्दीपासून अंतर सोडावं लागतं. आणि शेजाऱ्यांची ना-हरकत."

"शेजारी म्हणजे कोण? कोंडीच ना?"

कोंडी सूर्यमाळकडची. नवऱ्यासोबत आली, नवरा गेला, ती राहिली. एका खोलीत एकटी. आमच्या दोन घरांमध्ये मोकळा पट्टा आहे, त्यातून सकाळचं ऊन तिच्या पायरीवर पडतं. तीस वर्षं ती त्या उन्हात पाय पसरून बसते आहे. पडवी त्याच पट्ट्यात यायची होती.

कागद घेऊन गेले.

"ऊन अडेल माझं," ती म्हणाली.

"काच आहे ग. काचेतून ऊन आरपार जातं."

"आरपार जातं, तर तू बांधतेस कशाला?"

मला राग आला. कागद तिच्या पुढ्यात सरकवला.

"अंगठा लाव, कोंडे. पापड वाळले की तुलाही देईन."

"पापड तुझे तू खा, गोजाबाय. ऊन माझं मला राहू दे."

आता खरं ते सांगते. मी दुसरी शिकलेली, पण सही करते. गोजाबाई. शेवटच्या 'ई'वरचा तुरा मी लांब ओढते, बँकेतला साहेबही ओळखतो. कागदावर अंगठा मी आयुष्यात लावला नव्हता. म्हणून तर कोणाला शंका येणार नव्हती. मुलगा मंगेश कारकून आहे, त्याच्या पिशवीत शाईचा पॅड असतो. दुपारी घरात कोणी नसताना मी कोंडीच्या नावासमोर माझा अंगठा उमटवला. आणि अर्जदाराच्या जागी झोकात सही केली.

परवानगी आली. सुदर्शन मिस्त्री काचा बसवून गेला. मंगेशने नारळ फोडला. पौषातल्या एका स्वच्छ सकाळी मी पडवीत चादर पसरली, पापड मांडले आणि पाय लांब करून बसले.

पाय गारच.

ऊन काचेवर पडत होतं, ते दिसत होतं. आत येत नव्हतं. पलीकडे कोंडीची पायरी मात्र लख्ख उजळलेली, तिच्यावर माझ्या पडवीची सावलीसुद्धा नव्हती. चौथ्या दिवशी पापड उचलले तर ओले. चादरीवर त्यांचे गोल डाग.

सुदर्शनला बोलावलं. त्याने सगळीकडून हात फिरवून बघितलं.

"काचेत काही खोट नाही, मावशी. हा डाग तेवढा पुसत जा."

निळा डाग होता. छातीच्या उंचीवर, आतल्या बाजूने. मी राखेने घासला, लिंबाने घासला. सकाळी परत तिथेच. त्यातल्या रेषा मोजता येत होत्या. मी माझा अंगठा त्यावर ठेवून बघितला.

तंतोतंत बसला.

कोंडी पायरीवरून बघत होती.

महिना भरला तशी रेशनला गेले. यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्र नाही म्हणालं. पदराला पुसून ठेवला, तरी नाही. मागे रांग चुळबुळायला लागली. चौथ्यांदा दुकानदार म्हणाला, "लागला, लागला!" आणि मग पावती डोळ्यांजवळ नेली.

"काय झालं?"

"मावशी, माझ्या हातून चुकून कोंडीआजीच्या कार्डाचा नंबर गेला." त्याने पावती माझ्यासमोर धरली. "पण मग अंगठा लागला कसा?"

"यंत्रं चुकतात, आई," मंगेश घरी म्हणाला. त्याचं बरोबर असेल. पण घर माझ्या नावावर, आणि त्या नावाला माझाच अंगठा लागत नव्हता.

मी रडत बसणारी बाई नाही. मंगेशकडून कोरा फॉर्म मागवला, पॅड घेतला, पेन घेतलं आणि सकाळीच कोंडीकडे गेले. तिचा खरा अंगठा घ्यायचा, जुना कागद फाडायला लावायचा. नाहीच म्हणाली तर पडवी पाडायची.

"चूक झाली माझी," मी म्हणाले. जन्मात दुसऱ्यांदा. पहिल्यांदा कधी, ते सांगणार नाही.

"बस," ती म्हणाली.

बसले. पायरी उबदार होती. गुडघे सैल झाले.

पॅड तिने बाजूला सारला. माझ्या हातातलं पेन घेतलं.

"कोंडे, तुला लिहिता कुठे येतं?"

तिने लिहिलं. न थांबता. गोजाबाई. 'ई'वरचा तुरा लांब.

मी पेन हिसकावून घेतलं. त्याच्याच खाली लिहायला गेले. हाताला पहिलं अक्षर सापडेना.

तेवढ्यात काचेच्या पडवीतून प्रगतीची हाक आली. "आई, चहा झाला!"

"आले ग," म्हणत कोंडी उठली.

ऊन माझ्या पायांवर छान पडलं होतं.