कॅसेटमधली बाग

नाव मेलेल्या मुलीचं होतं, आणि खेळ सुरू झाल्याची तारीख तिच्या अंत्यसंस्कारानंतरची. पडद्याकडे बघून मिनेको साकागुचीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

ओसाकाच्या निप्पोनबाशीत तिचं दुरुस्तीचं दुकान. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. समोर बसलेल्या यासुए तोयामाची मुलगी चिनात्सू हिवाळ्यात तापानं गेली होती. हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये तिनं फळबाग वाढवली होती, आणि खेळाच्या कॅसेटमधली बॅटरी संपली की बाग पुसली जाणार होती. त्याआधी ती संगणकावर उतरवून द्या, एवढंच यासुएचं म्हणणं. लेकीचं तेवढंच उरलंय, असं ती म्हणाली होती.

मिनेकोनं कॅसेट वायरीनं संगणकाला जोडली, तर बागेत जेमतेम चार रोपटी.

"म्हणजे ती येते," यासुए पुटपुटली. संध्याकाळी सार्वजनिक न्हाणीघरातून परतताना पितरांच्या देव्हाऱ्याच्या खोलीतून खेळाचं संगीत ऐकू यायचं. दार सरकवलं की सगळं चिडीचूप, आत नवरा नुसता उदबत्ती लावत बसलेला. चिनात्सूच्या फोटोपुढे ठेवलेला खेळ मात्र कोमट लागायचा.

मिनेकोनं कॅसेट उघडली. मागचा स्क्रू खरवडलेला होता. आतली गोल बॅटरी कारखान्यात सोल्डरचा डाग देऊन पक्की करतात. इथं ती काळ्या चिकटपट्टीनं बसवलेली होती. कॅसेट घेऊन मिनेको यासुएबरोबर तिच्या घरी गेली.

कॅसेट कुणीतरी उघडली होती हे कळल्यावर यासुएला संशय आला तो वरच्या मजल्यावरच्या नणंदेचा, फुमिएचा. फुमिएला हे खेळ डोळ्यांसमोर नको असायचे. फुमिए फणकारली, संध्याकाळभर मी नूडल्सच्या दुकानात भांडी घासते, मालकाला विचारा. मिनेकोनं विचारलं. ते खरं निघालं.

यासुएचा नवरा किइची देव्हाऱ्यापाशी उदबत्तीची राख सारखी करत बसला होता. आयुष्यभर ट्राम चालवलेला, नियमाला एक नंबरचा पक्का माणूस.

"शवपेटीत काय ठेवलं होतं?" मिनेकोनं यासुएला विचारलं.

"फुलं. तिचा स्वेटर. हा खेळपण ठेवणार होतो. ऐन वेळी माझाच हात मागे आला."

"पेटीत बॅटरी चालत नाही ना?"

"नाही. अंत्यविधीवाल्यानं बजावलं होतं. म्हणून आदल्या दिवशी ह्यांनी..." यासुए थांबली आणि नवऱ्याकडे बघू लागली.

"भूत स्क्रू खरवडत नाही, चिकटपट्टी लावत नाही," मिनेको हळूच म्हणाली. "खेळाच्या बॅटऱ्या काढल्या असत्या तर बिघडलं नसतं. पण ह्यांनी कॅसेट उघडून आतलीही काढली. बाग तिच्यावरच जगत होती. बॅटरी परत बसवली, तोवर सगळं पुसलं गेलं होतं. मग लेकीच्या नावानं पहिल्यापासून सुरुवात केली, तुम्ही अंघोळीला गेलात की. खरं ना, किइचीसान?"

किइचीनं राखेचं भांडं बाजूला ठेवलं.

"दहनात बॅटरी फुटते म्हणाले," तो म्हणाला. "तिच्या अंगाजवळ फुटली असती गं. म्हणून एकूण एक काढली. नंतर बघतो तर काहीच नाही. तुला कुठल्या तोंडानं सांगणार? तू बघायच्या आत बाग पुन्हा लावून ठेवीन म्हटलं."

"तुम्ही तिला दुसऱ्यांदा घालवलंत," यासुए म्हणाली.

यासुएनं एप्रनची कड मुठीत चुरगाळली. मग तिनं मिनेकोकडून कॅसेट घेतली, खेळात घातली आणि ती चार रोपटी बघत बसली.

"विहिरीजवळ नाशपाती होती," ती म्हणाली. "तुम्ही संत्रं लावलंत."

"मला आठवेना."

"मला आठवतंय. सरका."

मिनेकोनं विचारलं, संगणकावर उतरवून देऊ का. यासुएनं नकारार्थी मान हलवली, बाग पुरी झाली की मग आणते म्हणाली.

त्या संध्याकाळी ती न्हाणीघरात गेली नाही.