दारीमानं सोडलेला घोडा

गोंबोनं चहाची वाटी सुनेच्या हातातून घेतली, आणि एक घोटही न घेता तशीच चुलीच्या कडेला ठेवून दिली... सहा वर्षं! सहा वर्षं रोज सकाळी दारीमा मिठाचा दुधाळ चहा उकळायची, रिवाजाप्रमाणे पहिली वाटी सासऱ्यांपुढे दोन्ही हातांनी धरायची, आणि तो म्हातारा तिच्या देखत तो चहा गार होऊ द्यायचा. मग न्यामा, तिचा धाकटा दीर, दुसरी वाटी भरून द्यायचा आणि ती मात्र तो मिटक्या मारत संपवायचा. दावा धरावा तर असा धरावा, एका दिवसाचा खाडा नाही!

"तिला सांग," दारीमा हातभर अंतरावर बसलेली असताना गोंबो न्यामाला म्हणाला, "आज मेंढ्या पलीकडच्या उतारावर जातील. इथं गवत उरलंय कुठं?"

"बाबा, रेडिओवर सकाळपासून सांगतायत, दुपारी बर्फाचं वादळ येणार आहे..."

"मेंढ्यांचं मी ठरवतो. रेडिओ नाही ठरवत."

न्यामा निमूटपणे टोपी चढवून निघाला. दारीमा त्याच्या मागोमाग बाहेर गेली, घोड्याच्या खोगिराचा तंग तिनं स्वतः आवळला.

"वारा पाठीवर आला की मेंढ्या पळत सुटतील. पळू देत. तू त्यांच्यामागे जायचं नाहीस."

"वहिनी, पाठ झालंय गं माझं आता!"

"पाठ होऊन काय उपयोग? तुझ्या दादालाही पाठ होतं."

या माळावरची माणसं थंडीनं मरत नाहीत, लाजेनं मरतात. वादळात मेंढी वाऱ्याला तोंड देत नाही, वारा नेईल तिकडे जाते. आणि कळप टाकून घरी परतलेल्या गड्याला कुणी गडी म्हणत नाही, म्हणून तोही मेंढ्यांमागे जातो. वारा पाठीवर असतो तोवर त्याला फारसं गारही वाटत नाही. परतायला तोंड वळवतो तेव्हा कळतं, की समोर एक पाऊलही टाकवत नाही!

न्यामाच्या दादाला, दाम्दिनलाही ते कळत होतं. सहा वर्षांपूर्वी अशाच वादळात तो अर्ध्या वाटेवरून जिवंत परतला होता. न्यामा तेव्हा मेंढवाड्यात होता. दारीमा दारातच उभी होती, आणि बापानं नवऱ्याच्या तोंडावर फेकलेलं वाक्य तिनं ऐकलं... "मेंढ्या टाकून आलास? मग तू तरी कशाला आलास?" दाम्दिन उलट पावली गेला. तास गेले दोन, तो काही आला नाही. तेव्हा अठरा वर्षांचा न्यामा शेवटच्या घोड्यावर खोगीर घालू लागला, "दादाला घेऊन येतो" म्हणून! दारीमानं सुरीनं घोड्याची दोरी कापली, त्याच्या पुठ्ठ्यावर जीव खाऊन फटका मारला, आणि घोडा त्या पांढऱ्या धुमाळीत नाहीसा झाला. घोडा नाही तर कुणाला जाता येणार?

चौथ्या दिवशी दाम्दिन सापडला, वाऱ्याच्याच दिशेला, गुडघ्यात डोकं घालून बसलेला.

"माझ्या लेकाकडे निघालेला घोडा हिनं सोडला!" गोंबोनं दहा कोसांत सांगितलं. दारीमा गप्प राहिली. म्हातारा तेव्हा आठवडाभर घराच्या खांबावर कपाळ आपटत विचारत होता, कुणी मारलं माझ्या पोराला, कुणी मारलं...! खरं उत्तर मिळालं असतं तर त्यानं दुसरी सकाळ पाहिली नसती, हे तिनं ओळखलं. मग उत्तर म्हणून तीच पुढे झाली. तिला वाटलं होतं, वर्षभराचा प्रश्न आहे.

दुपारी वादळ आलंच. लोकरीच्या तंबूघराच्या छताच्या दोऱ्या करकरू लागल्या. दारीमानं त्यांना दगड बांधले, घरापासून मेंढवाड्यापर्यंत दोर ताणला, चुलीचं धुराडं बर्फानं बुजू नये म्हणून दोनदा झाडलं. आणि तिसऱ्या प्रहरी तो दोर धरत धरत न्यामा आत येऊन कोसळला. जिवंत!

त्याची बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. गोंबो मूठभर बर्फ घेऊन ती चोळायला धावला. दारीमानं त्याचा हात झटकला आणि कोमट पाण्याचं भांडं पुढे ओढलं. "बर्फानं कातडी सोलून निघते, बाबा!"

"अर्धा कळप वाऱ्याबरोबर गेला," न्यामा कुडकुडत म्हणाला. "मी नाही गेलो मागे."

म्हाताऱ्याचा चेहरा ताठरला.

"मेंढ्या टाकून आलास? मग तू तरी कशाला..."

न्यामानं बोटं पाण्यातून काढली आणि टोपीकडे हात नेला. दारीमा दाराला पाठ लावून उभी राहिली.

"पुरे करा, बाबा! हेच बोलला होतात... अक्षर न् अक्षर हेच! दोन पोरं होती तुमची. दोन्ही एकाच वाक्यानं मारायची आहेत?"

गोंबो चुलीपाशी खाली बसला.  सहा वर्षांत पहिल्यांदा तो थेट तिच्याशी बोलला.

"तो... जाताना काही म्हणाला होता का गं?"

दारीमाच्या डोळ्यांना धारा लागल्या. "म्हणाला, मला भीती वाटतेय, पण बाबांना सांगू नकोस. आणि न्यामाला माझ्यामागे पाठवू नकोस, शपथ आहे."

"आणि तू... इतकी वर्षं..."

"तुम्ही जगला असतात का, बाबा?"

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. शेजारपाजारचे गाडलेल्या मेंढ्या उकरायला आले. "काय रे न्यामा," त्यांच्यातला बाद्राख फावडं टेकून हसत म्हणाला, "या खेपेला वहिनीनं घोडा शाबूत ठेवला वाटतं?"

दोघं-तिघं हसले. गोंबो सरळ उभा राहिला.

"दाम्दिनला मी घालवलं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "माझ्या तोंडानं. हिनं घोडा सोडला म्हणून हा एक तरी उरलाय." आणि सगळ्यांच्या देखत तो म्हातारा सुनेपुढे वाकला. "क्षमा कर पोरी... मी तुला जिवंत पुरलं!"

दारीमानं त्याला घाईघाईनं उठवलं, त्याचे हात हातांत धरले. दोघंही रडली, न्यामाही रडला, बाद्राखनं मान खाली घातली. सगळं यथास्थित झालं.

फक्त दारीमाची आई तिथं नव्हती. लेकीच्या अपराधाबद्दल दाराशी येऊन गोंबोच्या पाया पडलेली, मग कुठल्याच लग्नकार्यात मान वर करून न बसलेली ती बाई गेल्या पानगळीत वारली. शेवटच्या दिवशीही तिनं लेकीचा हात धरून विचारलं होतं, "असं का केलंस गं?"

दारीमानं तिलाही सांगितलं नव्हतं.