हेमांगीच्या नावाचं पान

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी भूषण पिंपळनेरच्या बाजारात गेला तो तीनच वस्तू आणायला. मातीची घागर, तिच्यावर ठेवायला एक डांगर, म्हणजे आपलं खरबूज, आणि बाईमाणसाला द्यायचं नवं लुगडं. आई सुंदरबाईनं उंबऱ्यातून तीन वेळा बजावलं होतं. फौजेतल्या हवालदाराला तीन वस्तू लक्षात राहणार नाहीत असं फक्त त्याच्या आईलाच वाटू शकतं.

कुंभारणीनं विचारलं, "कोनासाठे भरनार शे, भाऊ?"

"घरवालीसाठे."

तिनं हातातली घागर खाली ठेवली, मागच्या ढिगातून बारीक मानेची दुसरी काढली, पदरानं पुसली आणि त्याच्या हातात दिली.

हेमांगीला जाऊन सात महिने झाले होते. डेंग्यूचा ताप, धुळ्याचा दवाखाना, आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं. भूषण तेव्हा पहाडातल्या चौकीवर होता. दरड कोसळून रस्ता बंद. मग ट्रक, मग जम्मूहून गाडी, मग चाळीसगाव, मग धुळे. तो दारात उभा राहिला तेव्हा पांझरेच्या काठावर राखसुद्धा थंड झाली होती. बायकोचं तोंड त्याला शेवटचं बघायला मिळालं नाही. ही गोष्ट तो कुणाजवळ बोलला नव्हता.

तसा त्यांचा संसार म्हणजे सगळा प्रवासच. जबलपूर, जोधपूर, सिकंदराबाद. दर दोन-अडीच वर्षांनी काळ्या ट्रंका बांधायच्या, नव्या क्वार्टरमध्ये जुनाच तवा चढवायचा. साक्री तालुक्याबाहेर पाऊल न टाकलेली हेमांगी सहा महिन्यांत तेलुगू भाजीवालीशी हुज्जत घालायला शिकली होती. मग त्याला चौकीवर धाडलं. तिथं बायकामुलं नेता येत नाहीत, म्हणून ती लेकीला घेऊन गावी सासूजवळ आली. "पुढचं क्वार्टर मिळालं की नेतो," असं तो दर फोनवर म्हणायचा. ती नुसतं "बरं" म्हणायची.

आता प्रश्न लेकीचा होता. मयुरी सहा वर्षांची. आई गेल्यापासून पोर जेवत नव्हती. दोन घास गिळायची, तिसरा गालात धरून बसायची आणि तासाभरानं अंगणात जाऊन थुंकायची. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, भगतानं दोरा दिला, गुण दोन्हींचा सारखाच. भूषणची सुट्टी रविवारी संपत होती. मोतीबिंदूनं अधू झालेल्या म्हातारीच्या जिवावर ही पोर टाकून जायचं, या विचारानं त्याच्या जिवाचं पाणी पाणी होई.

"तिनी मायना जीव पोरमा अटकेल शे," सुंदरबाई म्हणायची. "पहिली आखाजी शे. ती पोटभर जेवी आनि सुखमा जाई. देखजो, मंग पोर बी खावाले लागी."

खानदेशात आखाजीला माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात, गडी पत्ते कुटतात. पण त्याच दुपारी घरोघर गेलेली माणसंही जेवायला येतात. त्यांच्या नावानं कुणाला तरी पाटावर बसवायचं. सवाशीण गेली असेल तर सवाशीणच हवी. जेवून उठेपर्यंत ती बाई स्वतः नसते, पितर असते. तिला नावानं पुकारायचं नाही, काही विचारायचं नाही. ती पाटावर बसली की निखाऱ्यावर तूप सोडायचं, आणि गेलेल्याच्या नावानं हाक द्यायची.

पितर म्हणून यायची होती कोकिळा, भूषणच्या चुलतभावाची, प्रेमराजची बायको. पिंपळनेरला राहायची. लग्न फेब्रुवारीत झालेलं, तेव्हा भूषण चौकीवर. त्यानं तिला पाहिलेलं नव्हतं, आणि पाहणारही नव्हता, कारण तो तिचा जेठ, म्हणजे मोठा दीर. जेठासमोर भावजयीनं छातीपर्यंत पदर ओढायचा, बोलायचं नाही. आणि जेठानं मान खाली घालून राहायचं. सुंदरबाईनं तिला मांडवात एकदाच पाहिलं होतं. पाहिलं म्हणायचं एवढंच, नवरी कुठली आणि करवली कुठली हे म्हातारीला आवाजावरूनच कळलं होतं.

आखाजीच्या दुपारी ऊन असं की अंगणातली कुत्री मोरीत जाऊन पडली होती. वीज गेलेली. झोक्यावरची गाणीही थांबली होती, आणि पत्रे मधूनच तडतडत होते. घरात ओल्या मातीचा, पुरणाचा आणि शेणीच्या निखाऱ्याचा वास कोंडला होता. सुंदरबाई आत चुलीपाशी खापरावरचे मांडे उलटत होती. मयुरी भिंतीला टेकून बसली होती. पान मांडून तयार होतं. कोकिळाचा पत्ता नव्हता.

बारा वाजले. आणि भूषण, ज्याची पंधरा वर्षं शिट्टीच्या इशाऱ्यावर गेली होती, तो थांबला नाही. रिकाम्या पाटासमोर बसून त्यानं निखाऱ्यावर तूप सोडलं, मांड्याचा तुकडा टाकला.

"हेमांगी… जेवाले ये."

त्याचा आवाज फाटला. आतून सुंदरबाईचा आवाज आला, "कोकिळा उनी का रे? पाटवर कोनी नसताना हाक देवानी नही हो!"

"उनी," भूषण म्हणाला. कारण दारात, उन्हाच्या झगझगाटात, बाईची नुसती आकृती उभी होती.

गाडीचा आवाज आला नव्हता. प्रेमराजनं कोपऱ्यावर सोडलं असेल, असं त्याला वाटलं. त्यानं झटकन मान खाली घातली. पितराचे पाय घरधन्यानं धुवायचे, म्हणून तो तांब्या घेऊन पुढं झाला. खाली घातलेल्या मानेला दोन पावलंच दिसली. जोडवी होती. त्यानं पाणी ओतलं. भर वैशाखात बाहेरून आलेली बाई, पण पाणी फरशीवर उतरलं ते जसं ओतलं तसंच, स्वच्छ. धुळीचा कण नव्हता.

आठ वर्षांच्या संसारात बायकोची पावलं त्यानं कधी नीट पाहिली होती? कोण पाहतं? पुढं किती तरी रात्री तो स्वतःला हेच विचारणार होता.

ती पाटावर बसली. जेवू लागली. भूषण खालमानेनं वाढत होता. आमरस, कुरडई, पुन्हा मांडा. ती नको म्हणत नव्हती. वाट्या रिकाम्या होत होत्या, बांगड्या किणकिणत होत्या, पण भुरकल्याचा, चावल्याचा आवाज कसा तो नव्हता.

मग मयुरी उठली. कुणी न बोलावता जाऊन त्या बाईला खेटून बसली. काही तरी हलकेच कुजबुजलं गेलं.

"पप्पा, ती म्हणते आमटीत मीठ कमी आहे."

भूषणनं मीठ वाढलं. भावजय जेठाशी बोलत नाही, पोराच्या तोंडून निरोप धाडते. यात नवल काय?

"पप्पा, ती विचारते, तुमचा गुडघा अजून दुखतो का?"

"सांग… बरा आहे आता." प्रेमराजनं सांगितलं असेल घरी.

आणि मग त्यानं जे पाहिलं त्यानं त्याचे डोळे भरून आले. त्या हातानं एक घास मयुरीच्या तोंडाजवळ नेला आणि पोरीनं तो खाल्ला. चावला, गिळला, पुन्हा आ केला. एक, दोन, पाच, दहा. अख्खा मांडा संपला. सात महिन्यांत पोरीनं एवढं खाल्लं नव्हतं. भूषणनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि हवालदार माणूस हुंदके देऊन रडला. मनातल्या मनात त्यानं त्या न पाहिलेल्या भावजयीला हात जोडले.

"माय, पोर खाई राहिनी," तो आत जाऊन म्हणाला.

"मी सांगं नव्हतं?" म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. "जेवनी ना ती पोटभर? आते जावू दे तिले."

त्यानं लुगडं ओटीत घातलं. ती उठली. मयुरीनं तिचं बोट धरलेलं होतं.

"पप्पा, मी हिला पोचवून येऊ? कोपऱ्यापर्यंत?"

"जा," भूषण म्हणाला. आनंदानं म्हणाला.

दहा मिनिटंही झाली नसतील. मोटरसायकल ढकलत कुणी तरी अंगणात आलं. प्रेमराज होता, घामानं निथळत, आणि त्याच्या मागून छातीपर्यंत पदर घेतलेली एक बाई.

"भाऊ, माफ कर! टायर पंक्चर झाला, दोन कोस ढकलत उनू. कोकिळा बिचारी उन्हात पायी चाली उनी. पान थांबाडं ना?"

भूषणनं त्या बाईच्या पायांकडे पाहिलं. पिंढऱ्यांपर्यंत धूळ होती.

त्याच्या हातातला तांब्या खाली पडला. तो अनवाणी धावत सुटला. कोपऱ्यावर कुणी नव्हतं. शाळेजवळ कुणी नव्हतं. वाट नदीकडे उतरते तिथं, जिथं गावाची सरणं रचतात त्या वळणावर, मयुरी एकटीच वर चढून येत होती. सावकाश, उड्या मारत. त्यानं तिला उचललं. आपले तळपाय होरपळले होते हे त्याला तेव्हा कळलं, आणि पोरीचे अनवाणी पाय हातात घेतले तर ते माठातल्या पाण्यासारखे गार.

"कोण होती ती? मयू… कोण होती?"

"आई," ती म्हणाली, जणू यात विचारायचं काय.

"मग… तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बघतच नव्हता तिच्याकडे. तिला वाटलं तुम्ही रागावलात."

भूषण तिला कडेवर घेऊन तिथंच उन्हात उभा राहिला. दोन हातांवर बसली होती ती. नुसती मान वर करायची होती. जेठ म्हणून त्यानं केली नाही, आणि बायकोचं तोंड दुसऱ्यांदा बघायचं राहून गेलं. त्याला भीती वाटत होती, पण त्या भीतीहून हे दुःख मोठं होतं. मग मयुरी पुढं बोलली, आणि भीती वर आली.

"आईनं विचारलं, पप्पा कधी जाणार? मी म्हटलं, रविवारी. ती म्हणाली, बरं. मग मी रविवारपासून येते. रोज."

"आणि तू काय म्हणालीस?"

"ये म्हटलं."

त्या रात्री सुंदरबाईनं पाट धुऊन भिंतीला उभा केला. "रिकामा पाटले हाक दिन्ही तू," ती म्हणाली. "दुसरीनं आंग भेटनं नही, मंग ती सोतेच उनी. आनि जेवाडी तशी तिले 'आते जाय' म्हनी निरोप बी दिन्हा नही, पोरनी उलटं 'ये' म्हनी बलावं." थोड्या वेळानं म्हणाली, "माय शे ती. पोरनं वाईट करी का?" पण म्हणताना तिनं मयुरीला जवळ ओढून घेतलं होतं.

प्रेमराज आणि कोकिळा त्या दिवशी पाणीही न पिता गेले, पुन्हा आले नाहीत. भूषणनं युनिटला फोन केला, सुट्टी वाढवून मागितली. कारण काय सांगणार? लेकीची तब्येत, म्हणाला. पलीकडून विचारलं, काय होतंय तिला? तो खोटं बोलू शकला नाही. पोर तर तीन दिवस पोटभर जेवत होती. सुट्टी वाढली नाही. पोरीला बरोबर न्यावं तर चौकीवर कुठं नेणार?

रविवारी तो निघाला. लग्नाच्या वेळची हेमांगीची एक पोत मयुरीच्या गळ्यात होती. कधी घातली, कुणी घातली, त्यानं विचारलं नाही. "जाऊन येतो," म्हणाला. पोरगी रडली नाही. तिनं दारातून हात हलवला आणि आत पळाली, कुणी तरी वाट बघत असल्यासारखी.

चाळीसगावला लांबची गाडी मिळाली. गाडी सुटली, बाहेर केळीच्या बागा मागं पडू लागल्या, तेव्हा त्याच्यानं राहवेना. घरी ठेवलेल्या फोनवर त्यानं व्हिडिओ कॉल लावला. लगेच उचलला गेला.

मयुरी पाटावर बसली होती. समोर ताट, ओठांना रस लागलेला. गाल जरा भरल्यासारखे वाटत होते. फोन अगदी स्थिर होता, तिच्यासमोर बसलेल्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

"जेवतेस का, बेटा?"

"दोन पोळ्या झाल्या."

"शाबास. आजीला दे बरं फोन."

"आजी मागं पाणी भरतेय."

गाडीचा खडखडाट एकदम फार मोठा वाटू लागला. भूषणनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"मग… फोन कोणी धरलाय, मयू?"

मयुरीनं त्याच्याकडे नाही, फोनच्या जरा वर पाहिलं. हसली.

"सांगू का?" तिनं विचारलं, आणि ते तिनं त्याला विचारलं नव्हतं.

तेवढ्यात मागचं दार करकरलं. सुंदरबाई डोक्यावर हंडा घेऊन भिंत चाचपत आत आली, सरळ फोनच्या दिशेनं. आणि सासू येताना सुनेनं उठून वाट द्यावी, तसा कॅमेरा हळूच वर उचलला गेला, आणि अदबीनं बाजूला, भिंतीकडे सरकला.