टोपणरावांचं नवं घर

पहिलीच्या वर्गात टेबलावर वाळत ठेवलेला एक शंख चालायला लागला, आणि पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. "बाई, शंख पळाला!"

योगिनीबाई वाकल्या, तर शंखातून दोन डोळे त्यांच्याकडेच बघत होते. तोरण करायचं म्हणून कालच त्यांनी पोरांकडून भाट्याच्या समुद्रकाठच्या पुळणीवरचे शंख पिशवीभर वेचून आणले होते. त्यातला एक रिकामा नव्हता हो!

शाळा सुटताच त्या पिशवी घेऊन पुळणीवर धावल्या.

"अहो, थांबा! पाय नका टाकू!"

ओल्या वाळूत उकिडवा बसलेला एक तरुण ओरडला. त्याच्यासमोर टूथपेस्टचं टोपण पाठीवर घेऊन एक खेकडा धडपडत चालला होता.

"मागचं अंग झाकायला याला शंख लागतो, बिचाऱ्याला. कुणा महाभागाने अख्खी पुळण झाडून नेलीय… सापडू दे नुसता!"

बाईंनी पिशवी हळूच पाठीमागे लपवली. पिशवी मेली खुळखुळली.

"तो महाभाग… मीच."

रागवायचं सोडून तो असा हसला, की बाईंचे कानच गरम झाले.

अपूर्व त्याचं नाव. किनाऱ्यावरच्या जिवांचा अभ्यास करायला आलेला. शंख दोघांनी मिळून परत टाकले, आणि पुढे दर शनिवारी तो वर्गात यायला लागला. मासा पाण्यात श्वास कसा घेतो, बगळ्याचे पाय लांब का… पोरं विचारायची, तो सांगायचा, आणि बाई पुसलेला फळा पुन्हा पुसायच्या. सगळ्या शाळेला कळलं होतं. बाई मात्र म्हणायच्या, "छे, काहीतरीच!"

मग त्याला कोचीची नोकरी चालून आली. इथल्या कॉलेजातही जागा होती, पण कोचीचं काम मोठं. शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"जाऊ ना, बाई?"

"चांगली संधी आहे," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच जिभेचा त्यांना असा संताप आला!

त्या शनिवारी वर्ग पुळणीवर आला. टोपणवाला खेकडा अजून टोपणातच होता. मापाचा शंखच मिळाला नव्हता त्याला. पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं टोपणराव. अपूर्वने एक शंख त्याच्यापुढे ठेवला. टोपणरावांनी तो चाचपला, जवळ गेले… मागे सरले.

"घाबरतोय," पोरांतली सानवी कुजबुजली.

"घाबरणारच. मागचं अंग अगदी मऊ असतं त्याचं. बाहेर निघाला की क्षणभर उघडा पडतो."

"मग निघतो कशाला?"

"आता टोपणात मावत नाही म्हणून."

योगिनीला एकदम रडूच आलं. हा गेला तर शनिवार कसला आणि पुळण कसली!

टोपणराव सुर्रकन बाहेर निघाले—

"अपूर्व, नका ना जाऊ." 'सर' म्हणायचंही ती विसरली. "मला… तुम्ही हवे आहात."

अख्खी पहिली खेकडा सोडून बाईंकडे बघायला लागली.

"पोरांनो," अपूर्वने विचारलं, "जगायला काय काय लागतं?"

"अन्न, पाणी, हवा, निवारा!"

"ते सगळं कोचीतही मिळेल रे," तो योगिनीकडे बघत म्हणाला. "मी इथेच राहतो."

टोपणराव केव्हाच नव्या घरात शिरले होते. योगिनीने वाळूतलं रिकामं टोपण उचललं आणि ओढणीच्या टोकाला घट्ट बांधून ठेवलं.