भात्यामागची मुलगी

त्या सकाळी समुद्रावरचं धुकं थेट चर्चच्या आत शिरलं होतं. ऑर्गनला हवा देणारा भाता पायानं दाबणारे काका तापानं फणफणलेले, म्हणून ऑर्गनमागे, फळ्यांच्या आड, मीच भात्यावर उभी होते. पलीकडे कुणीतरी नवीनच माणूस वाजवत होता... सूर असे, की माझे पाय आपोआप भरभर पडायला लागले.

"काका, जरा हळू! भाता दाबताय की द्राक्षं तुडवताय?"

मी हसू आवरलं.

"बरं काका, ती मुलगी कशी आहे हो?"

ती मुलगी म्हणजे मी, गेशे. आमच्या बंदरातली जुनी रीतच तशी – म्हाताऱ्या वादकाची जागा हवी, तर त्याच्या मुलीशी लग्न करायचं. म्हातारे वादक माझे बाबा. आधीच्या दोघा उमेदवारांनी ऑर्गन पाहिला, खूश झाले. मग मला पाहिलं आणि परतीची घोडागाडी धरली.

मी आवाज जाड केला. "नाक मोठंय तिचं."

"नाकानं कुठं गायचंय? गळा कसाय?"

"बरा आहे. ऐकणारा हवा."

तोच फळीआडून एक डोकं डोकावलं. विस्कटलेले केस, हसरे डोळे.

"काका," तो म्हणाला, "नाक छान आहे हो तुमचं."

तो तिलमान हार्त्झे. या जागेच्या परीक्षेसाठी स्वतः रचलेलं समूहगीत घेऊन आला होता. एका गळ्याचा सूर विरायच्या आत दुसरा उठायचा, लाटेवर लाट यावी तसा. तालमीत आमच्या गाणाऱ्या बायकांच्या रांगेला इशारा करताना त्याचा हात क्षणभर जास्तच रेंगाळायचा. बायका मला कोपरानं ढोसायच्या.

रविवारी गाणं संपलं, तेव्हा अख्खं गाव डोळे पुसत होतं. पंच म्हणाले, "जागा तुझी. आणि मुलगीही."

तिलमाननं मान लववली. "माफ करा... मला ही जागा नको."

म्हणजे हा तिसरा! मी भात्यामागे जाऊन बसले. डोळे भरून आले.

"काका आहेत का?" फळीआडून आवाज आला.

"नाहीत. मेले."

"अरेरे! त्यांना सांगायचं होतं... पलीकडच्या कोळ्यांच्या गावात मी जागा धरलीय. ऑर्गन फुटका, चर्च गळकं. पण त्याच्यासोबत मुलगी देत नाहीत."

"मग मला काय त्याचं?"

"इथं हो म्हटलं असतं, तर जन्मभर तुला वाटलं असतं – हा ऑर्गनसाठी आला. आता हा ऑर्गन माझा नाही, गेशे. आता विचारतो... येशील?"

मी नाक पुसलं. "तिथं भाता कोण दाबतं?"

"कुणीच नाही."

"मग यायलाच हवं."

आता आम्ही राहतो त्या गावात हेरिंग मासळीच्या दिवसांत पुरुष सगळे समुद्रावर. म्हणून त्या दिवसांची त्याची गाणी नुसत्या बायकांच्या गळ्यांसाठी आहेत. शहरात ती कुणी गात नाही. प्रत्येक गाण्यात एका जागी सगळे गप्प होतात, ऑर्गनही. फक्त माझ्या पायाखालच्या भात्याचा श्वास ऐकू येतो...

गायला आलेल्या नव्या मुली विचारतात, "इथं सूर लिहायला ते विसरले का हो?"

मी हसते. तिथं त्यानं मला ठेवलंय.