आई असली तरी

शहरातल्या सगळ्या शाळा ज्या मंडळाखाली होत्या, त्या मंडळाच्या कचेरीत एक बाई नुसती बोलायच्या कामाला होती. ऐकायला गंमत वाटते, पण काम काही पोरखेळ नव्हतं. बस उशिरा येणार आहे, टाकी धुतोय तेव्हा पाणी घरून द्या, तिसरीच्या वर्गात उवा झाल्यात तेव्हा डोकी तपासा, हरवलेले स्वेटर येऊन घेऊन जा, असलं सगळं ती लिहायची, माइकसमोर वाचायची, आणि मग घरोघरचे फोन एकदम वाजायचे. प्रत्येक निरोप 'नमस्कार पालकहो' असा सुरू व्हायचा. म्हणून पोरांनी तिचं नाव नमस्कारबाई ठेवलं आणि मोठी माणसंही तेच म्हणायला लागली. चेहऱ्याने तिला फारसं कुणी ओळखत नसे. पण दुकानात तिने नुसती अंडी मागितली, तरी रांगेतली पोरं ताठ उभी राहायची.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. भिंतींना स्पंज चिकटवलेला, खडूचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास, दारावर लाल दिवा. काचेच्या पलीकडे यंत्र सांभाळणारा पोरगेलासा माणूस बसायचा. त्याच्या गळ्यात सदानकदा वायरींची वेटोळी, म्हणून तो तारवाला. नमस्कारबाईला माइकसमोर बोलण्याआधी घसा खाकरायची खोड होती. दोघांनी किती डोकं आपटलं तरी ती जाईना. तारवाला दर वेळी तेवढा तुकडा कापून टाकायचा आणि म्हणायचा, की ताई, तुमच्या खाकरण्याचं आता दुकान टाकता येईल. दोघं हसायची आणि कामाला लागायची.

नवरा परगावी नोकरीला होता, सुट्टीला यायचा. घरी एकुलती एक लेक, टिल्ली. ती शाळेतून यायची ती आई परतेपर्यंत घरात एकटीच, आणि तेवढा वेळ नमस्कारबाईचा जीव टांगणीला लागलेला असायचा. खुणेच्या शब्दाची कल्पना तिला त्यातूनच सुचली. मुलाला न्यायला कुणी आलं, दारात कुणी उभं राहिलं, तर घरच्यांनी आपसांत ठरवलेला शब्द त्याने आधी सांगायचा. नाही सांगितला तर मुलाने जागचं हलायचं नाही. मंडळाने तो नियमच करून टाकला. टिल्लीने स्वतःसाठी निवडलेला शब्द होता 'आजीची कवळी'. आजीला कळलं असतं तर तिने दोघींची सालटी काढली असती. पण कडी लावायची, आणि शब्द ऐकल्याशिवाय काढायची नाही, हे टिल्लीला झोपेतसुद्धा पाठ होतं.

एके दिवशी नमस्कारबाई बेकरीत पाव घ्यायला गेली. बेकरीवाल्याची दोन्ही पोरं मंडळाच्याच शाळेत होती. त्याने पाव कागदात गुंडाळता गुंडाळता सांगितलं, की कालच्या निरोपाप्रमाणे आम्ही मैदानाकडच्या खिडक्या बंद ठेवल्या बरं का, पोरं उकाड्याने कावली होती तरी. नमस्कारबाईने काल उवांशिवाय कशाचंच नाव घेतलं नव्हतं. तिला वाटलं, याचा काहीतरी घोळ झालाय.

"घसा बरा आहे ना बाई?" तो म्हणाला. "काल बोलायच्या आधी खाकरलात. कधी ऐकलं नव्हतं तसं."

तिच्या मनात पाल चुकचुकली. ते खाकरणं जगात दोनच माणसांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिने तारवाल्याला फैलावर घेतलं. त्याने निमूटपणे यंत्र उघडून दाखवलं. उवांचा निरोप गेला होता, दुसरा काहीही गेला नव्हता. कापलेले तुकडे कुठे जातात, असं तिने विचारलं. कुठे जाणार, पुसले जातात, तो म्हणाला. पण सांगताना त्याने मान वर केली नाही, आणि तेवढंच तिने लक्षात ठेवलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! हल्ली यंत्रावर कुणाचाही आवाज बनवता येतो म्हणतात. तिने खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये ठेवली. त्याच्यासोबत डबा खाणंही सोडलं. तो बिचारा जिन्यात बसून एकटा खायला लागला.

कुलपाने काही झालं नाही. निरोप येतच राहिले, सगळ्यांना नाही, कुणाकुणाला. एका घराला सांगितलं, की मुलांना झोपताना तोंड भिंतीकडे करायला सांगा. दुसऱ्या घराला सांगितलं, की मागच्या दाराशी कुणी रडलं तर दुर्लक्ष करा. लोकांनी ते मुकाट्याने केलं, कारण नमस्कारबाई सांगतेय म्हणजे खरंच असणार. मग एका दुपारी एक शाळा सुटली तर फाटकावर एकही पालक नव्हता. सगळ्यांना फोन आला होता, की न्यायला येऊ नका, मुलं आपली आपण येतील. नशीब, की सगळी सुखरूप घरी पोचली. काही मुलांना मात्र रस्ता कुणी दाखवला ते सांगता येईना. एक बाई होती, इतकंच ती म्हणाली.

मंडळाच्या मोठ्या बाई संतापल्या. लोकांना ताबडतोब सावध करा, म्हणाल्या, आणि तेही त्याच आवाजात, कारण दुसऱ्या कुणाचं लोक ऐकायचे नाहीत.

नमस्कारबाईने निरोप लिहिला. नुसत्या आवाजावर विश्वास ठेवू नका, अगदी माझ्यासुद्धा. दारात कुणीही असो, आई असली तरी, मुलांनी आधी खुणेचा शब्द विचारावा. शब्द चुकला तर दार उघडू नये. मग ती कितीही रडो, कितीही विनवो. शेवटचं वाक्य तिने आपणहून घातलं होतं आणि ते तिला फार आवडलं होतं.

तारवाल्याने कागद वाचला आणि तो घुटमळला. "ताई, 'आई असली तरी' एवढं काढूया का?"

"का? तुझं काय अडतंय त्यात?"

त्याने कागद परत दिला. लाल दिवा लागला. ती एकदा खाकरली आणि एका दमात सगळं वाचून मोकळी झाली. दिवा विझल्यावर कोमट पाण्याचा पेला तोंडाला लावला, तेवढ्यात काचेपलीकडे तारवाल्याने कानावरचं यंत्र ओरबाडून काढलं. चेहरा पांढराफटक.

"ताई, तुम्ही आत्ता काही बोललात?"

पाणी पिता पिता माणूस बोलेल कसा? नाटकं करतोय मेला, असं तिच्या मनात आलं. काय ऐकलंस, असंही तिने विचारलं नाही. निरोप सोड, एवढंच म्हणाली, आणि पर्स उचलून घरी निघाली.

इमारतीत ती पोचली तेव्हा लख्ख ऊन होतं. जिन्यात फोडणीचा वास होता, कुणाचा तरी नळ वाहत होता. ती पहिल्या मजल्यावर आली आणि फोन वाजू लागले. एकामागून एक दारांआडून तिचाच आवाज यायला लागला. नमस्कार पालकहो. नमस्कार पालकहो. जिना चढताना तिला उगीचच लाजल्यासारखं झालं आणि ती भराभर पायऱ्या चढली. आई असली तरी, असं एका दारातून ऐकू आलं. कितीही रडो, असं वरच्या दारातून.

तिच्या घरातला फोन वाजत नव्हता.

तिने किल्ली फिरवली. आतून कडी होती. शहाणी गं माझी बाय, असं मनात म्हणत तिने टकटक केली.

"शब्द?" आतून टिल्ली म्हणाली.

"आजीची कवळी."

आत काहीच हललं नाही.

"टिल्ले, अगं उघड. दमलेय मी."

"तो जुना शब्द आहे," टिल्ली म्हणाली. "आज बदललाय."

"कुणी बदलला?"

"आईने."

नमस्कारबाईने दोन्ही हातांनी दार धरलं. अगं मीच तुझी आई, म्हणाली. पहाटे तुझी वेणी घातली ती मी, गुडघ्याला पट्टी लावली ती मी. जे जे आठवेल ते ते सांगत सुटली. सांगता सांगता रडू फुटलं, आणि रडू फुटल्याबरोबर तिला आपलंच वाक्य आठवलं. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

आत स्टूल सरकवल्याचा आवाज झाला. दाराच्या भिंगापर्यंत टिल्लीचा डोळा पोचायला स्टूल लागायचं.

भिंग काळं झालं. टिल्ली बघत होती. नमस्कारबाईने चेहरा पुसला आणि हसायचा प्रयत्न केला.

भिंग पुन्हा उजळलं. टिल्ली बोलली, पण दाराकडे नाही. मागे वळून, हळू आवाजात.

"आई, ही दिसायलाही तुझ्यासारखीच आहे गं."

घरात कुणीतरी घसा खाकरला.