पुन्हा प्रयत्न करू नये

हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या बाजारात आवकाय लोणच्याच्या कैऱ्या फोडून घ्यायला वृषाली रांगेत उभी होती. पुढचा माणूस वळला... तर तो केदार! त्यानं तिला पाहिलं आणि लगेच कैऱ्या फोडणाऱ्याकडे असं टक लावून बघायला लागला, जणू उद्यापासून तोच धंदा करायचा होता.

वृषालीला रागच आला. महिन्यापूर्वी हाच गृहस्थ आईवडिलांबरोबर तिला पाहायला आला होता. दिलसुखनगरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा, पण तिच्यासमोर तोंडातून शब्द फुटेना. लिहून कळवतो, एवढंच जाताना पुटपुटला. नंबर मागायचाही त्याला धीर होईना, म्हणून तिनंच ऑफिसचं कार्ड दिलं. आवडला होता तो तिला, अगदी मनापासून. नंतर मात्र एक ओळ नाही. वाट पाहून थकली आणि बाबांनी नांदेडचं स्थळ काढल्यावर 'येऊ देत' म्हणाली. ते लोक उद्या येणार होते.

"लिहून कळवणार होतात ना?" तिनं विचारलं.

"कळवलं की. तुमचं उत्तर पण आलं." तो अजून कैऱ्यांकडेच बघत होता. "नक्को तर नक्को... पण इतकं कडक—"

"काय उत्तर दिलं मी?"

"विनंती नाकारली आहे. पुन्हा प्रयत्न करू नये."

वृषालीची पिशवी हातातून सुटायचीच बाकी राहिली. वाक्य तिचंच होतं! काचीगुड्याच्या बियाण्यांच्या कंपनीत मेलचा सर्व्हर तीच सांभाळायची. लॉटरी आणि गुडघेदुखीच्या तेलाच्या मेलना वैतागून, हा कचरा जिकडून यायचा ती पत्त्यांची सगळी गल्लीच तिनं बंद केली होती. तिथून कुणीही दार वाजवलं, की सर्व्हर आपोआप हे ठणकावून सांगायचा. केदारनं क्लासच्या मेलवरून लिहिलं असणार, आणि ते मेलही त्याच गल्लीतून निघत होते. सुक्याबरोबर ओलंही जळालं होतं.

तिनं सगळं सांगितलं, तसा त्याचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे... तुम्ही वाचलंच नाही?"

"नाही ना."

"मग आता गल्ली उघडणार?"

"गल्ली नाही. एकच घर." तिनं तिथंच फोनवरून त्याचा पत्ता मोकळा केला. "पण आता समोर आहात, तर बोलूनच टाका की."

कानापर्यंत लाल होत तो म्हणाला, "लग्न करायचंय मला... तुमच्याशीच. बोलायचं शिकतो हळूहळू."

"हौ," ती म्हणाली, आणि महिनाभर छातीवर बसलेलं ओझं उतरलं. नांदेडच्या पाहुण्यांना नको म्हणून कळवा, असं तिनं बाबांना लगेच फोनवर सांगितलं. कारण विचारल्यावर, घरी येऊन सांगते म्हणाली. कैऱ्या फोडणारा दोघांच्या पिशव्या मागत होता, तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

संध्याकाळी केदारनं पुन्हा पाठवलेला तोच जुना मेल आला. या वेळी सर्व्हरनं काही म्हटलं नाही. उत्तर वृषालीनं स्वतः लिहिलं—

'विनंती मंजूर. पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा.'